न उमटलेला तपकिरी रंग

२००५ च्या वसंतात, कॅनडाच्या अगदी पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स शहरातल्या एका कर्करोगतज्ज्ञाला आपल्या रुग्णाचा जुना रिपोर्ट खटकला. स्तनाचा कर्करोग होता, तोही लोब्युलर प्रकारचा. या प्रकारच्या बहुतेक सगळ्या गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो, म्हणजे गाठ ईआर पॉझिटिव्ह निघते. या बाईंच्या २००२ च्या रिपोर्टात मात्र निगेटिव्ह लिहिलेलं होतं. मेणात जपलेला तोच तुकडा पुन्हा रंगवला आणि निकाल पॉझिटिव्ह आला. मग आणखी काही जुने नमुने काढले, तर त्यांतलेही फिरू लागले. त्या उन्हाळ्यात प्रांतभरच्या निगेटिव्ह नमुन्यांचे ब्लॉक फेरतपासणीसाठी टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयाकडे रवाना झाले. १९९७ ते २००५ या काळातले हिशेब पुरे झाले तेव्हा ३८० हून अधिक रुग्णांचे निकाल चुकले होते असं दिसलं. कॅनडात हा इतिहास एका प्रांताच्या आरोग्ययंत्रणेची नाचक्की म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर त्यातला मुख्य धडा हातून निसटतो. पेशींना रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधतात. ही गाठ इथलीच, की दुसऱ्या अवयवातून पसरून आलेली, हा पहिला; आणि तिच्यावर कोणतं औषध चालेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी संशयाची जी शिस्त या शास्त्राने अंगी बाणवली होती, ती दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी सोडून दिली गेली. सेंट जॉन्सला जे घडलं ते त्या सोडून देण्यातून घडलं, असं माझं म्हणणं आहे.

हे पटवून द्यायचं तर आधी तंत्र समजून घ्यायला हवं. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, आणि त्याचे केसाहूनही पातळ काप काचेवर घेतात. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जुन्या निळ्या-गुलाबी रंगांनी पेशींचा आकार आणि मांडणी दिसते. तेवढ्यावर अनुभवी पॅथॉलॉजिस्ट बरंच काही ओळखतो. पण यकृतातली ग्रंथीपेशींची गाठ मोठ्या आतड्यातून आली की स्वादुपिंडातून, हे नुसत्या आकारावरून पुष्कळदा कळत नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चकाकणारं रंगद्रव्य जोडलं आणि ऊतीतला नेमका एक पदार्थ शोधून दाखवला. १९६६ मध्ये नाकाने आणि पीअर्स यांनी चकाकीच्या जागी एन्झाइम आणलं, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा टिकाऊ रंग मिळाला. १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या टेलर आणि बर्न्स यांनी हेच काम फॉर्मॅलिनमधल्या, मेणात जपलेल्या नेहमीच्या नमुन्यांवर करून दाखवलं. पुढच्याच वर्षी कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या तयार करण्याची रीत दिली. एक अडचण उरली होती. फॉर्मॅलिन पेशी टिकवतं खरं, पण प्रथिनांना असं जखडून टाकतं की अँटिबॉडीला ती सापडतच नाहीत. १९९१ मध्ये शी आणि सहकाऱ्यांनी काप गरम द्रावणात उकळून प्रथिनं पुन्हा उघडी करण्याचा उपाय सांगितला, आणि या तंत्राला जगभर दारं उघडली. आज इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात ती हीच. शोधायचं प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, नसेल तिथे पार्श्वभूमीची निळाई राहते.

या वर्णनातच धोका दडलेला आहे. तपकिरी रंग न उमटण्याची कारणं दोन असू शकतात. एक, प्रथिन खरोखरच नाही. दोन, प्रथिन आहे, पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला, किंवा पुरेसा वेळ राहिला नाही, उकळणं कमी-जास्त झालं, अँटिबॉडी जास्त पातळ केली, काप वाकडा बसला. काचेवर दोन्ही सारखीच दिसतात. त्यांच्यात फरक करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे: ज्या पेशींत ते प्रथिन असतंच असतं, त्या त्याच काचेवर रंगल्या का ते पाहायचं. स्तनाच्या तुकड्यात गाठीशेजारी बहुधा थोड्या निरोगी नलिका असतात, आणि त्यांच्या काही पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही, तर गाठ निगेटिव्ह. त्याही कोऱ्या राहिल्या, तर ती चाचणी झालीच नाही असं समजायचं. यात अवघड काहीच नाही. पण हे करायला बघणाऱ्याने काचेवर विश्वास ठेवण्याआधी तिची उलटतपासणी घ्यावी लागते.

मूळ गाठ कोणती आणि पसरलेली कोणती हे ठरवणाऱ्या कामात ही उलटतपासणी पहिल्यापासून रुजली, कारण तिथे एका रंगावर कोणाचं भागतच नाही. फुप्फुसातल्या गाठीत टीटीएफ-१ या प्रथिनाचा रंग उमटला तर मूळ फुप्फुसात असण्याची शक्यता वाढते. पण थायरॉइडच्या गाठीतही तो उमटतो, आणि फुप्फुसाच्याच कित्येक ग्रंथीकर्करोगांत तो उमटत नाही. सीडीएक्स-२ आतड्याकडे बोट दाखवतो, तरी पोट आणि स्वादुपिंडाच्या काही गाठीही तो दाखवतात. गाटा-३ स्तनाचा, तसाच मूत्राशयाचाही. पॅक्स-८ मूत्रपिंडाचा आणि अंडाशयाचाही. सीके-७ आणि सीके-२० या केरॅटिनांची जोडी गेली तीस वर्षं पॅथॉलॉजिस्टांच्या हाताशी आहे, पण तीही एखादा अवयव नक्की सांगत नाही, फक्त शक्यतांची यादी लहान करते. म्हणून इथे चार-पाच रंग एकदम लावतात, एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून पाहतात, आणि सगळ्यांचं मिळून काचेवरच्या आकाराशी, सीटी स्कॅनशी, रुग्णाच्या जुन्या इतिहासाशी जुळतं का ते बघतात. जुळलं नाही तर दोष आधी रंगाकडे शोधतात. स्तनाचा लोब्युलर कर्करोग याचं उत्तम उदाहरण आहे. तो पोटाच्या भिंतीत पसरतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली थेट जठराच्या मूळ कर्करोगासारखा दिसू शकतो. अशा वेळी गाटा-३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर हेच खरं मूळ उघडं करतात. आता सेंट जॉन्सच्या त्या बाईंकडे पुन्हा पाहा. त्यांचा कर्करोग लोब्युलरच होता. खोटा निगेटिव्ह निकाल फाइलमध्ये पडून राहिला असता आणि पुढे कधी पोटात गाठ निघाली असती, तर स्तनाची गाठ तर ईआर निगेटिव्ह होती या समजुतीपायी मूळ शोधणाऱ्याची वाटही चुकू शकली असती. एका चुकीच्या रंगाने दोन्ही प्रश्नांची उत्तरं बिघडू शकतात ती अशी.

मग औषधाच्या प्रश्नाच्या वेळी ही शिस्त कुठे गेली? याचं उत्तर ईआर चाचणीच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकापासून ती जीवरसायनाची चाचणी होती. ताजा तुकडा दळायचा, किरणोत्सारी हार्मोन किती धरलं जातं ते मोजायचं, आणि एक आकडा द्यायचा. दळलेल्या तुकड्यात गाठ किती आणि निरोगी पेशी किती, हे कळत नसे. १९९७ मध्ये सेंट जॉन्सच्या प्रयोगशाळेने ही रीत सोडून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री धरली. निर्णय बरोबरच होता, जगभर हाच बदल चालला होता. पण जुन्या आकड्याचा रुबाब नव्या रंगाला जसाच्या तसा मिळाला. पॅथॉलॉजिस्टच्या रिपोर्टातली ‘ईआर निगेटिव्ह’ ही एक ओळ कर्करोगतज्ज्ञाकडे जाई आणि तिच्यावर औषध ठरे. टॅमॉक्सिफेन हे औषध पाच वर्षं घेतलं तर ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने मरण्याचं वार्षिक प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं, हे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. निगेटिव्ह ठरलेल्या बाईला ते दिलं जात नाही, कारण तिला त्याचा उपयोग नाही असं मानलं जातं. म्हणजे एकट्या रंगावर इतका मोठा निर्णय टाकला, आणि त्या एकट्या रंगाला जाब विचारणारं दुसरं कोणीच काचेवर ठेवलं नाही.

प्रयोगशाळेतली परिस्थिती पुढे चौकशीत तपशिलाने बाहेर आली. रंगवण्याचं यंत्र अर्धंच स्वयंचलित होतं, काप उकळण्याचा नाजूक टप्पा हाताने व्हायचा. तंत्रज्ञांना या कामाचं स्वतंत्र प्रशिक्षण तुटपुंजं होतं आणि तेच लोक इतर कामंही करत. पॅथॉलॉजिस्ट येत-जात राहिले. लेखी कार्यपद्धती नीट नव्हत्या, बाहेरच्या कोणाकडून नियमित तपासणी होत नव्हती. आणि निरोगी नलिका कोऱ्या राहिल्या असतानाही गाठ निगेटिव्ह ठरवली गेली, हा मुद्दाही निघाला. सगळ्यांत बोचणारी गोष्ट २००३ ची आहे. गेर्शन एजेकम या पॅथॉलॉजिस्टने त्या वर्षी वरिष्ठांना लेखी कळवलं की हे रंग बेभरवशाचे झाले आहेत. त्यांनी ईआरची चाचणी काही आठवडे बंदही ठेवली. दुरुस्त्या झाल्या, चाचणी पुन्हा सुरू झाली, पण आधीच्या सहा वर्षांत दिलेल्या निकालांचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. २००४ मध्ये नवं, पूर्ण स्वयंचलित यंत्र आलं. मागचे निकाल तसेच राहिले, आणि वर्षभराने त्या एका बाईंच्या रिपोर्टाने सगळं बाहेर काढलं.

उघडकीला आल्यानंतरचा भाग मी थोडक्यातच सांगतो, कारण तो दडपादडपीचा ओळखीचा प्रकार आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सेंट जॉन्सच्या ‘द इंडिपेंडंट’ या वृत्तपत्राने बातमी फोडली. नव्याने बनलेल्या ईस्टर्न हेल्थ या आरोग्यमंडळाने डिसेंबर २००६ मध्ये ११७ रुग्णांचे उपचार बदलावे लागल्याचं सांगितलं, पण एकंदर किती निकाल चुकले ते सांगितलं नाही. मे २००७ मध्ये न्यायालयातल्या कागदपत्रांवरून सीबीसी या कॅनडाच्या प्रसारण संस्थेने फेरतपासलेल्यांतलं चुकीच्या निकालांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के असल्याचं जाहीर केलं. प्रांतात खळबळ उडाली, मंडळाच्या मुख्याधिकाऱ्यांनी पद सोडलं, आणि न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाहेरच्या तज्ज्ञांनी दिलेले परीक्षण-अहवाल आयोगाच्या हाती पडू नयेत म्हणून मंडळ न्यायालयात गेलं आणि हरलं. मार्च २००९ मध्ये ६० शिफारशींसह कॅमरन अहवाल आला. त्याच वर्षी रुग्णांच्या सामूहिक दाव्यात १ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली. ज्यांचे निकाल चुकले होते त्यांतल्या शंभरहून अधिक रुग्ण तोवर मरण पावल्या होत्या. टॅमॉक्सिफेन मिळालं असतं तर त्यांतल्या किती वाचल्या असत्या, हे प्रत्येकीपुरतं कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून हा आकडा बळींचा म्हणून मिरवणं मला योग्य वाटत नाही.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की यात चूक होतीच कुठे, काळ बदलला एवढंच. नवं यंत्र जास्त संवेदनशील होतं, आणि पॉझिटिव्ह म्हणण्याची रेषाही सरकली. पूर्वी दहा टक्के पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह म्हणत, २०१० मध्ये अमेरिकन तज्ज्ञसंस्थांनी ही रेषा एक टक्क्यावर आणली. जुन्या रिपोर्टाला नव्या मापाने मोजणं अन्यायाचं नाही का? सुरुवातीला असं स्पष्टीकरण दिलंही गेलं. त्यात थोडं तथ्य आहे. फिरलेल्या निकालांपैकी काही तरी रेषेच्या काठावरचे असणार. पण टोरांटोला जे गेलं ते जुनेच ब्लॉक होते. तोच तुकडा, तेच फॉर्मॅलिन, तेच मेण. टोरांटोत त्यावर रंग उमटला, म्हणजे प्रथिन त्यात सुरुवातीपासून होतं. मेणात पडून राहून रिसेप्टर कमी होऊ शकतो, नव्याने येऊ शकत नाही. आणि दहातले चार निकाल फिरतात तेव्हा केवळ मोजपट्टी बदलली म्हणून हात झटकता येत नाहीत.

दुसरा आक्षेप वेगळ्या अंगाने येतो: आडवळणाच्या बेटावरची, मनुष्यबळाची चणचण असलेली एक प्रयोगशाळा बिघडली, त्यावरून सगळ्या शास्त्राबद्दल निष्कर्ष का काढायचा? पण २०१० च्या त्याच अमेरिकन मार्गदर्शिकेने म्हटलं आहे की जगभरातल्या हार्मोन रिसेप्टरच्या अशा चाचण्यांपैकी वीस टक्क्यांपर्यंत चुकीच्या असू शकतात. आणि बेटाची सबब २००९ मध्येच संपली. क्युबेकमधल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने आपल्याच प्रयोगशाळांत स्तनाच्या कर्करोगाच्या अशा चाचण्यांमध्ये काळजी वाटण्याजोगी तफावत दाखवली आणि तिथल्या सरकारला नमुने पुन्हा तपासून घ्यावे लागले. क्युबेक आडवळणाचं नाही. सेंट जॉन्सचं दुर्दैव इतकंच की तिथली चूक मोठी होती, आणि मोठी होती म्हणून दिसली. लहान चुका इतरत्र अजूनही न दिसता वावरत असणार.

कॅनडाच्या पॅथॉलॉजिस्टांनी याला दिलेलं उत्तर बघितलं की माझा मुद्दा त्यांनाही कळला होता असं वाटतं. ब्लेक गिल्क्स, एमिना टोर्लाकोविच आदींच्या पुढाकाराने कॅनेडियन इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री क्वालिटी कंट्रोल हा उपक्रम उभा राहिला. एकाच काचेवर अनेक गाठींचे बारीक ठिपके बसवून ती काच देशभरच्या प्रयोगशाळांना रंगवायला द्यायची आणि सगळ्यांचे निकाल ताडून पाहायचे, ही त्याची रीत. आपल्या शेजारच्या प्रयोगशाळेत तोच ठिपका तपकिरी झाला आणि आपल्याकडे कोरा राहिला, हे एकदा पाहिलं की सबब उरत नाही. २०१० मध्ये कॅनडाच्या पॅथॉलॉजिस्ट संघटनेच्या मानक समितीने या चाचण्यांचे दोन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातले रंग पॅथॉलॉजिस्ट काचेवरच्या आकाराच्या जोडीला वापरतो आणि अर्थ तोच लावतो. मूळ-दुय्यम ओळखणारे बहुतेक रंग यात येतात. दुसऱ्या वर्गातल्या चाचण्यांचा निकाल स्वतंत्रपणे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे जातो आणि त्यावर औषध ठरतं. ईआर आणि हर-२ इथले. दुसऱ्या वर्गावर जास्त कडक पहारा हवा, हे उघड आहे आणि योग्यही आहे.

तरी या वर्गवारीतून एक गैरसमज जन्मू शकतो, आणि तो तिसऱ्या आक्षेपाच्या रूपाने येतो: पहिल्या वर्गाच्या चाचण्या आकार सांभाळून घेतो, म्हणून तिथे फारशी काळजी नको. मला हे धोक्याचं वाटतं. पसरलेल्या कर्करोगाचा बायॉप्सीतला तुकडा पुष्कळदा सुईने काढलेला, नखाएवढाही नसतो. त्यात आकार पुरेसा दिसत नाही आणि ताडून पाहायला निरोगी पेशीही नसतात. फुप्फुसातल्या अशा तुकड्यात टीटीएफ-१ कोरा राहिला, ईआरही कोरा राहिला, तर मूळ कुठलं ते सांगता येत नाही, आणि बिघडलेला रंग असेल तर त्यावरून चुकीचं मूळ सांगितलं जाऊ शकतं. उपचार तर त्यावरच ठरतात: फुप्फुसाचा मूळ कर्करोग असेल तर एक रस्ता, स्तनाचा पसरलेला असेल तर दुसरा. म्हणजे पहिल्या वर्गाचा रंग कधी दुसऱ्या वर्गाचं काम करू लागतो, हे त्याचं त्यालाही कळत नाही. उलट बाजूने पाहा: २००५ मध्ये सेंट जॉन्सची चूक सापडली कारण एका कर्करोगतज्ज्ञाने दुसऱ्या वर्गाच्या निकालाला पहिल्या वर्गासारखं वागवलं. लोब्युलर आकार एक सांगतो, रंग दुसरं सांगतो, तर रंग तपासा. यंत्राने, नियंत्रण-काचेने किंवा व्यवस्थापनाने जे आठ वर्षांत केलं नाही ते या एका ताडून पाहण्याने झालं.

शेवटचा आक्षेप सध्या सगळ्यांत जोरात आहे: आता जनुकं वाचता येतात, मग रंगांची ही कटकट हवीच कशाला? त्यालाही कॅनडातूनच चांगलं उदाहरण मिळतं. गर्भाशयाच्या अस्तरात आणि अंडाशयात एकाच वेळी सारख्याच दिसणाऱ्या एंडोमेट्रिऑइड गाठी आढळल्या तर त्या दोन स्वतंत्र मूळ गाठी मानायची, असा पॅथॉलॉजीत वर्षानुवर्षांचा पायंडा होता. दोन्ही जागी पॅक्स-८ उमटतो, दोन्ही जागी ईआर उमटतो, त्यामुळे रंग इथे न्याय करूच शकत नव्हते. व्हँकूव्हरच्या गटाने (आंग्लेसिओ, हंट्समन आणि सहकारी) २०१६ मध्ये अशा १८ रुग्णांच्या जोडगाठींचं जनुकीय अनुक्रमण केलं. १७ मध्ये दोन्ही गाठी एकाच पूर्वज पेशीपासून निघाल्याचं दिसलं, म्हणजे एक दुसरीतून पसरलेली होती. जनुकांनी रंगांवर मात केली हे मान्य. पण त्याच संशोधनाने नवा पेच उभा केला: पसरलेला कर्करोग म्हणावा तर या स्त्रिया एरवीच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांपेक्षा पुष्कळ चांगल्या राहतात. म्हणजे जनुकीय निकालही रुग्णाच्या प्रत्यक्ष इतिहासाशी ताडून पाहावाच लागतो. शिवाय जनुकीय चाचणीलाही तोच ब्लॉक लागतो, आणि फॉर्मॅलिनमध्ये नीट न ठेवलेला तुकडा तिलाही दगा देतो. तंत्र बदललं तरी सेंट जॉन्सचा प्रश्न तसाच उरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरच्या देशातलं वाटेल, पण परळच्या टाटा मेमोरियलमध्ये रोज गावोगावहून जे रुग्ण येतात त्यांच्या पिशवीत रिपोर्टांबरोबर काचा आणि ब्लॉक असतात, आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा पाहूनच उपचार ठरवतात. तेव्हा घरात कोणाची बायॉप्सी झाली तर रिपोर्टाच्या कागदाइतकाच ब्लॉक सांभाळा, आणि रिपोर्टातला रंग डॉक्टरांच्या अंदाजाशी जुळत नसेल तर त्याच ब्लॉकची दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणी मागायला संकोच करू नका.